स्वसंरक्षणाच्या वर्गात प्रतिकार कुठे आहे? शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील शिक्षणाधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि मुलींचे स्वसंरक्षण वर्ग घेणारे कराटे व तायक्वांदो प्रशिक्षक

विषय : स्वसंरक्षण वर्गातील किमान एक तृतीयांश वेळ प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या सरावाला देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

समग्र शिक्षा योजनेत ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ या नावाने सहावी ते बारावीच्या मुलींचे वर्ग भरतात. मुदत तीन महिने, शाळेला महिन्याला ५,००० रुपये. याखेरीज पोलीस, नगरपालिका, महिला मंडळे आणि खासगी क्लास यांची दोन-तीन दिवसांची शिबिरे वर्षभर चालूच असतात. शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम आता सगळ्यांना पाठ झाला आहे. पांढऱ्या गणवेशातल्या रांगा, एका सुरातली ओरड, काताचे (म्हणजे ठरलेल्या हालचाली क्रमाने एकट्याने करून दाखवण्याचे) दोन प्रकार, चार-सहा कौले फोडणे, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रे, फोटो. त्यानंतर निधी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वर जाते आणि फाईल बंद होते. या सगळ्यात आम्ही पाहिलेल्या बहुतेक वर्गांत एक गोष्ट घडलेली नसते. ‘हिला सुटू द्यायचे नाही’ असे मनापासून ठरवलेल्या माणसाच्या पकडीत त्यातली एकही मुलगी एकदाही सापडलेली नसते.

आम्ही कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग आणि कराटे शिकवणारी माणसे आहोत. कोणती विद्या भारी यावर आमच्यात एकमत झाले तर तो बातमीचा विषय होईल. पण समोरचा विरोध करत असताना कधीच न केलेला डाव ऐन वेळी हाताशी येईल, अशी हमी आमच्यापैकी कुणीही देणार नाही. वर्ग बंद करा असे आमचे म्हणणे नाही. त्यातला वेळ वेगळा वाटा, एवढेच मागतो आहोत, आणि तो कसा वाटायचा ते पुढे तपशिलाने लिहितो.

आधी चुकते कुठे ते बघू. कराटेच्या वर्गात इप्पोन कुमिते म्हणजे एक हल्ला, एक बचाव असा आधी ठरवून केलेला जोडीचा सराव असतो. त्यात हल्ला करणारी मुलगी एक पाय मागे घेऊन उभी राहते, ‘जोदान’ असे ओरडून तोंडावर मारणार हे जाहीर करते, एक लांब पाऊल टाकून ठोसा मारते आणि हात तसाच पुढे ताणून थांबते. बचाव करणारी एक पाऊल मागे जाते, हात वर करून ठोसा अडवते आणि उलट ठोसा मारते. तोवर समोरची पुतळ्यासारखी उभीच असते. नवख्या मुलीच्या पाय, कंबर आणि हाताचा मेळ बसवायला हा सराव उत्तम आहे. अडचण अशी की बहुतेक वर्ग इथेच थांबतात. यात कोण मारणार, कधी, कुठे आणि किती वेळा हे सगळे आधीच ठरलेले असते. झटापटीत यातले काहीच ठरलेले नसते. दिवा लागला की बटण दाबायचे, एवढ्या साध्या कामालाही माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर त्याहून जास्त. हाताच्या अंतरावरून निघालेला ठोसा पोहोचायला इतका वेळ घेत नाही. म्हणून ठोसा बघून मग योग्य ब्लॉक निवडणे बहुतेक वेळा जमतच नाही. बॉक्सर ठोसा चुकवतो तो खांदा किती हलला, वजन कोणत्या पायावर गेले, मधले अंतर किती उरले यावरून. ही नजर लागू शकणाऱ्या ठोशासमोर उभे राहूनच तयार होते.

अंतराचा घोळ आणखी वाईट. मैत्रिणीला लागू नये म्हणून जोडीदार मुलगी ठोसा वीतभर आधीच थांबवते. महिनाभर असे केले की बचाव करणारीला त्याच अंतरावर उभे राहायची सवय होते, आणि पूर्ण पोहोचणारा ठोसा त्या अंतरावर थेट नाकावर बसतो. तिसरी गोष्ट हात परत जाण्याची. ताणून धरलेला हात अडवता येतो, पकडता येतो, पिरगाळून दाखवता येतो. झटक्यात मागे गेलेला हात पकडायला जावे तर तोवर दुसरा ठोसा आलेला असतो.

मनगट सोडवणे हा तर प्रत्येक शिबिराचा ठरलेला धडा. अंगठा आणि बोटांच्या टोकांमधल्या फटीकडे मनगट फिरवा, आपले कोपर त्याच्या कोपराकडे न्या आणि हिसका द्या. तत्त्व बरोबर आहे, पकडीत अंगठ्याची बाजूच सर्वांत कच्ची असते. पण वर्गात मनगट धरणारी मुलगी एका जागी उभी राहून, एकाच हाताने आणि हसत हसत धरते. खरा धरणारा नुसता धरून ठेवत नाही, तो ओढतो. ओढले की मुलीचा तोल पुढे जातो, हात सरळ होतो आणि कोपर वाकवायला जागाच राहत नाही. पहिला हिसका फसला की त्याचा दुसरा हात केसांवर, दंडावर किंवा ओढणीवर पडतो. अशा वेळी आधी पाय कामाला येतात. ज्या दिशेला ओढ आहे तिकडेच एक पाऊल टाकून गुडघे वाकवायचे, म्हणजे हात ढिला पडतो. लगेच कोपर बरगडीला चिकटवायचे. दुसऱ्या हाताने स्वतःचीच मूठ धरायची आणि दोन्ही हातांनी, कंबर वळवत, अंगठ्याच्या बाजूने उपसायचे. सुटले की तिरके बाहेर पडायचे आणि दोन-तीन पावले त्याच्यावर नजर ठेवून मग पळायचे. हा क्रम सांगायला दोन मिनिटे पुरतात. समोरून ओढ चालू असताना तो अंगात यायला मुलगी पंधरा-वीस वेळा फसावी लागते, आणि हे फसणे वर्गात व्हावे असे आम्हाला वाटते.

जांघेत लाथ मारण्याचेही तसेच. पॅडवर ती जोरात बसते. पण समोर पाय उचललेला दिसताच पुरुष नकळत मांड्या जवळ घेतो, लाथ मांडीवर आदळते आणि एका पायावर उभी असलेली मुलगी डगमगते. त्याच लाथेचा सराव जोडीदाराने शील्ड म्हणजे मार झेलायची मोठी गादी घेऊन सतत पुढे चालत येत, खांद्याला ढकलत करून घेतला तर दोन गोष्टी लगेच कळतात. लाथ मारायच्या आधी दोन्ही हातांनी त्याचा खांदा किंवा शर्ट धरायला लागतो, आणि लाथेपेक्षा गुडघा बरा.

यावर काही प्रशिक्षक एक ठेवणीतले उत्तर देतात. आमचे डाव जीवघेणे आहेत, डोळ्यांत बोटे, गळ्यावर वार, ते खेळात कसे वापरणार, म्हणून आम्ही स्पारिंग म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी सरावाची झुंज करत नाही. या युक्तिवादाचा निकाल जपानमध्येच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लागला आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झोंबीच्या विद्येतले घातक डाव त्यांनी कातापुरते ठेवले. फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे, कोपराची अडक असे जे भाग जोडीदाराला शाबूत ठेवून पूर्ण ताकदीने करता येतात, ते रांदोरीसाठी म्हणजे मोकळ्या झोंबीसाठी निवडले. कागदावर विद्या सौम्य झाली. पण ज्युदोका रोज विरोध करणाऱ्याला फेकायला शिकला आणि त्याचे मोजकेच डाव खरोखर लागू लागले. कराटेत तर हा वाद घरातच होता. जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजवणारे गिचिन फुनाकोशी १९२२ साली ओकिनावा बेटावरून तोक्योला आले. त्यांचा सगळा भर कातावर होता आणि स्पर्धेच्या कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या झुंजीला, त्यांचा विरोध होता. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मात्र अंगाला चिलखत बांधून झुंजायला सुरुवात केली. जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा १९५७ साली झाली, त्याच वर्षी फुनाकोशी वारले.

अलीकडचा दाखला चीनचा. २७ एप्रिल २०१७ रोजी चेंगडूमध्ये मिश्र मार्शल आर्ट्सचे प्रशिक्षक शू शियाओदोंग आणि ताई-ची शिकवणारे वेई लेई यांची लढत झाली. अर्ध्या मिनिटाच्या आत वेई लेई जमिनीवर होते. यावरून ताई-ची निरुपयोगी ठरत नाही; तोल, श्वास, म्हातारपणी पडण्यापासून बचाव यासाठी ती चांगलीच आहे. मात्र ठोसे मारत अंगावर येणाऱ्या माणसासमोर कधी उभेच न राहिलेल्याचे काय होते, हे जगाने पाहिले. डोळ्यांत बोट घालायचे तरी हलत्या डोक्यापर्यंत तोल सांभाळून हात न्यावा लागतो, आणि ज्याला तेवढे जमते त्याला साधा ठोसाही मारता येतो.

या बाबतीत आपल्याला बाहेरून काही आणावे लागणार नाही. कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीत जा. वस्तादांनी ढाक किंवा एकेरी पट (पाय धरून पाडणे) असा डाव दाखवला की पठ्ठा तो आधी सावकाश करून बघतो आणि त्याच दिवशी लढतीत मारायला जातो. दहांतून नऊदा फसतो. थोरला पैलवान धाकट्याला खेळवतो. सगळी ताकद लावत नाही, पण डाव फुकटही देत नाही. आम्ही या पत्रात ज्याला प्रतिकार म्हणतो आहोत तो नेमका हा आहे. मर्दानी खेळांची आपल्याला हल्ली ओळख उरली आहे ती मिरवणुकीतल्या लाठीच्या चक्रांची आणि दांडपट्ट्याने लिंबू कापण्याची. त्याच परंपरेत फरी-गदकाही आहे. एका हातात छोटी ढाल, दुसऱ्यात कातडे मढवलेली काठी आणि समोर तशीच काठी घेऊन मारायला उभा असलेला खेळाडू. चक्रे आणि झुंज दोन्ही लागते हे जुन्या लोकांना कळत होते. आणि कबड्डी? घोटा धरला गेल्यावर आठवीतली मुलगी कशी वळते, कमरेला विळखा पडलेला असताना मध्यरेषेकडे कशी सरपटत जाते, हे एकदा नीट बघा. तीन महिने काता करणारीपेक्षा तीन महिने कबड्डी खेळणारी मुलगी पकडीतून लवकर सुटेल, असे आमच्यातल्या कराटेवाल्यांचेही मत आहे. (शाळेत मुलींना मैदान मिळते का, हा वेगळाच विषय.)

आता दुसरी बाजू. स्पारिंग म्हणजे खरी मारामारी नव्हे, आणि तसे समजणारे क्लासही वाढत आहेत. प्रत्येक खेळाचे नियम शरीराला काही सवयी लावतात. क्योकुशिन कराटेत पूर्ण ताकदीने मारतात, पण हाताने तोंडावर मारायला बंदी, म्हणून त्यांचे हात छातीपर्यंत खाली येतात. तायक्वांदोतही डोक्यावर लाथ चालते, ठोसा चालत नाही. ज्युदोत २०१० पासून थेट पायाला हात घालण्यावर निर्बंध आले आणि पट काढणाऱ्यासमोर पाय सांभाळण्याची सवय मोडली. कुस्तीत ठोसा नाही, म्हणून डोके खुशाल पुढे घालतात. बॉक्सिंगचा ग्लोव्ह मारणाऱ्याच्या हाताला वाचवतो. तोच ठोसा उघड्या मुठीने कपाळावर मारला तर करंगळीमागचे हाड मोडते, डॉक्टर त्याला बॉक्सरचे फ्रॅक्चर म्हणतात. त्यामुळे स्वसंरक्षणाच्या वर्गात मूठ शिकवण्यापेक्षा तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने मारायला शिकवावे. तोक्यो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी कराटेच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाच्या तारेग हामेदीची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेवर बसली आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. स्पर्धा नियंत्रित संपर्काची, म्हणजे वार आवरता घेण्याची असल्याने हामेदी बाद झाला आणि बेशुद्ध पडलेल्याला सुवर्णपदक मिळाले. खेळ म्हणून निर्णय नियमाला धरून होता. पण स्पर्धेत जिंकायची सवय आणि झटापटीत टिकायची सवय यांत किती फरक असतो, हे एका लाथेत दिसले.

म्हणून नियम बदलत ठेवायला लागतात. आज फक्त पकडणे, उद्या फक्त ढकलणे, परवा एकीविरुद्ध दोघी. एकाच प्रकारचे स्पारिंग वर्षभर केले तर त्यातही मुलगी फक्त त्या खेळात तरबेज होते.

आणखी एक पुरावा सांगायलाच हवा, कारण तो वरवर पाहता आमच्या विरोधात जातो. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅनडातल्या तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा तासांचे प्रशिक्षण मिळालेल्या गटात वर्षभरात बलात्कार झालेल्यांचे प्रमाण ५.२ टक्के होते, नुसती माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के. या बारा तासांत हातापायांचे स्वसंरक्षण फक्त दोन तासांचे होते. मग स्पारिंगचा एवढा आग्रह कशाला? उरलेल्या दहा तासांत काय होते ते बघितले की उत्तर मिळते. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळेत ओळखणे, ‘त्याला वाईट वाटेल’ हा संकोच मोडणे, आग्रहाला ठाम नकार देणे. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तरीही आपले बहुतेक वर्ग अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडासाठीच बेतलेले असतात. आमच्या मते या अभ्यासाने काताचा बचाव होत नाही, कौलांचा तर मुळीच होत नाही. उलट प्रतिकार तोंडाचाही असावा लागतो हे त्यातून कळते. ‘नाही’ म्हणायचा सरावसुद्धा ऐकून न घेणाऱ्या माणसासमोर व्हायला हवा. जोडीदार मुलीने ‘अगं, एवढं काय त्यात’, ‘मी तुझ्या भावासारखा’, ‘कुणाला सांगू नकोस’ अशी वाक्ये टाकत दीड मिनिट मागे लागायचे. समोरचीने हसायचे नाही, कारणे द्यायची नाहीत, एकच वाक्य आवाज चढवत तीनदा म्हणायचे आणि निघायचे. ऐकायला सोपे वाटते. वर्गात करून बघा, पहिल्या दिवशी निम्म्या मुली हसतात आणि बाकीच्या माफी मागितल्यासारखे बोलतात.

तर वर्ग कसा घ्यावा. आठवड्याला दोन तासिका, प्रत्येकी ४५ मिनिटांची, असे बारा आठवडे धरले तर हाती अठरा तास येतात. प्रत्येक तासिकेत दहा मिनिटे अंग मोकळे करणे आणि पडायचा सराव, पंधरा मिनिटे एकच तंत्र, पंधरा मिनिटे त्याच तंत्रावर प्रतिकार, पाच मिनिटे बोलणे. एका तासिकेत एकापेक्षा जास्त तंत्र नको. तीन महिन्यांत सहा गोष्टी आल्या तरी भरपूर : मनगटाची पकड, मागून विळखा, केस धरणे, भिंतीशी दाबणे, जमिनीवर पडल्यावर पाय मध्ये ठेवून उठणे, आणि तळहात-कोपर-गुडघा पॅडवर मारणे.

वर्गात पन्नास मुली आणि एकच प्रशिक्षक ही नेहमीची स्थिती. म्हणून तिघींचे गट करावेत. दोघी झुंजतात, तिसरी राखण करते. घड्याळ तिच्याकडे, ‘थांब’ म्हणायचा अधिकार तिचा, दोघी भिंतीकडे किंवा दुसऱ्या गटाकडे सरकल्या तर त्यांना अडवणे तिचे काम. फेरी २० ते ३० सेकंदांची, मग मिनिटभर विश्रांती आणि अदलाबदल. वजनातला फरक सुरुवातीला पाच किलोंच्या आत ठेवावा. शेवटच्या महिन्यात मुद्दाम जास्त वजनाची जोडीदार द्यावी, कारण ऐन प्रसंगी समोरचा बहुधा जड असतो. पण ती प्रौढ, प्रशिक्षित आणि संयमाची असावी.

प्रतिकार पायरीपायरीने चढवायचा. पहिल्या पायरीवर जोडीदार पकड घट्ट ठेवते, पण हलत नाही. दुसरीवर ती ओढत किंवा ढकलत चालते. तिसरीवर पहिली पकड सुटली की लगेच दुसरी पकड टाकते. चौथीवर कोणती पकड घालायची ते तीच ठरवते, सांगत नाही. पाचवीवर मुलीने डोळे मिटून जागच्या जागी दोन गिरक्या घ्यायच्या आणि जोडीदाराने कुठूनही धरायचे. मुलीने सुटून मैदानाच्या कडेला आखलेल्या रेषेपर्यंत पोहोचायचे. पुढच्या पायरीवर कधी जायचे याचा साधा हिशेब आहे. दहांतून सात वेळा सुटली तर पुढे, तीनपेक्षा कमी वेळा सुटली तर मागे. सतत जिंकणारी मुलगी काही शिकत नाही, आणि सतत हरणारी तिसऱ्या आठवड्यात यायची बंद होते.

अंतर आणि वेळेची नजर तयार करायला डोक्यावर मारण्याची गरज नाही. खांद्यावर टपली मारण्याचा खेळ पुरतो. दोघी समोरासमोर, मोकळ्या पायांनी. तिच्या खांद्यावर किंवा गुडघ्यावर टपली मारायची, आपल्याला लागू द्यायची नाही. तीस सेकंदांत धाप लागते, हात कधी उठवायचा ते कळते, मागे सरकताना पायात पाय अडकणे आठवडाभरात कमी होते. साहित्य फारसे लागत नाही. पोत्यात जुने कपडे ठासून भरून शिवलेले दोन-चार शील्ड, दोन फोकस पॅड आणि जमिनीच्या सरावासाठी मॅट. मॅट नसेल तर माती चाळून, खडे वेचून पाणी मारलेला चौकोन. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर कुणालाही पाडू नये, हे लेखी सूचनेत घालावे.

इजा टाळायच्या तर आधी हातातली कडी, अंगठ्या, कानातली काढायची, नखे कापायची, केस बांधायचे. शाळेच्या वयात डोक्यावर मार, मानेवर दाब, गळा आवळणे, उलटे फिरवलेले कोपर आणि बोटे यांना पूर्ण बंदी. हेडगार्ड घातले म्हणून डोक्यावर मारू देणे ही सर्वांत धोक्याची समजूत. हेडगार्डने कातडी फाटत नाही, पण आतला मेंदू हलायचा थांबत नाही. तरीही पडताना कुणाचे डोके आपटले आणि मुलगी गोंधळलेली दिसली, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागली, मळमळले किंवा उजेड सहन होईना, तर त्या दिवशी तिचा सराव संपला. ‘बरं वाटतंय’ म्हणाली तरी संपला. डॉक्टरांनी सांगेपर्यंत परत घ्यायचे नाही. पकड सोडायची खूण एकच : हाताने दोनदा थोपटणे (टॅप) किंवा ‘थांब’. ‘थांब’ ऐकूनही न सोडणारी तो दिवस बाहेर बसेल. गंमत म्हणून न सोडणाऱ्या मुलींमुळे जेवढी बोटे मुरगळतात तेवढी डावांमुळे मुरगळत नाहीत.

प्रशिक्षक पुरुष असेल तर पकडीचे प्रात्यक्षिक त्याने मुलीवर करू नये, महिला सहायक किंवा शाळेतल्या शिक्षिका बरोबर असाव्यात. नको म्हणणाऱ्या मुलीला कारण न विचारता राखणदाराचे काम द्यावे. अशा वर्गात एखादी मुलगी थिजते, एखादी रडते आणि एखादी पूर्वी घडलेले सांगते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असे समजल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ‘आपापसात मिटवू’ ही पळवाट नाही. प्रशिक्षकाला हे पहिल्या तासिकेआधी माहीत हवे, आणि १०९८ (बालकांची मदतवाहिनी) व ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक मुलींना. थिजणे ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तिचा दोष मुलीच्या माथी मारू नये. सरावाने ती काही जणींत कमी होते, सगळ्यांत होत नाही. कायद्याचाही थोडा भाग त्याच वेळी सांगावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार आहे. तो धोका असेतोवर आणि बचावाला लागेल तेवढाच. सुटल्यावर परत जाऊन मारणे त्यात बसत नाही.

चाकूचे डाव शाळेत शिकवूच नयेत. प्रशिक्षकांना शंका असेल तर त्यांनी आपापसात एक चाचणी घ्यावी. एकाने जुना पांढरा शर्ट घालायचा, दुसऱ्याने जाड लाल मार्कर हातात घेऊन वीस सेकंद मनापासून भोसकायचे, हात लगेच मागे घेत. मग शर्टावरच्या खुणा मोजायच्या आणि त्यातल्या गळ्याजवळ, काखेत आणि पोटावर किती आहेत ते बघायचे. त्यानंतर मुलींना ‘चाकू असा पिरगाळून काढा’ असे सांगायला कुणी धजावेल असे वाटत नाही. पैसे, मोबाईल, पर्स फेका आणि उलट दिशेने पळा, एवढेच सांगायचे.

कौलांबद्दल दोन वाक्ये. दोन टोकांना टेकू देऊन, मध्ये फट ठेवून रचलेली कोरडी कौले एकेक करून फुटतात, आणि वरच्याचा तुकडा खालच्याला फोडायला मदत करतो. लहान मुलीच्या मनगटाला त्यातून मिळणारे काही नाही, पालकांना मात्र चुकीची खात्री मिळते, आणि आमची मुख्य तक्रार तीच आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. येत्या वर्षीच्या परिपत्रकात प्रतिकाराच्या सरावाचा वेळ तासिकेत मिनिटांत लिहावा. प्रशिक्षक निवडताना बेल्टच्या रंगाबरोबर त्याला विरोधासह सराव घेण्याचा अनुभव आहे का, ते अर्ध्या तासाच्या नमुना तासिकेतून बघावे. जवळच्या तालमीतल्या महिला पैलवान, ज्युदोपटू, कबड्डीच्या मार्गदर्शक यांनाही अर्ज करू द्यावा. पालकांच्या संमतीपत्रात काय होणार, काय होणार नाही हे साध्या मराठीत असावे. समारोपाला कौले आणि काता यांच्याऐवजी पाचव्या पायरीची चाचणी ठेवावी : प्रत्येक मुलीला तीस सेकंद, अनोळखी पण प्रशिक्षित महिला जोडीदार, रेषेपर्यंत पोहोचली की नाही एवढीच नोंद. त्या नोंदीवर मुलींची नावे नकोत, किती जणी पोहोचल्या हा आकडा पुरे. पहिल्या आठवड्यात हीच चाचणी घेऊन ठेवली तर तीन महिन्यांनी दोन आकडे शेजारी लिहिता येतील, आणि उपयोगिता प्रमाणपत्राला ते जोडावेत.

पहिल्या वर्षी हे आकडे लाजवणारे येतील. त्यासाठी प्रशिक्षकाचे मानधन अडवू नये, नाहीतर दुसऱ्या वर्षी सगळीकडे शंभर टक्के लागतील.

आपले,
कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग आणि कराटे शिकवणारे काही प्रशिक्षक